मुलाच्या खोक्यातलं हेवी मेटल

प्रश्न : मी फोंडा तालुक्यातली, वय ५६. आमच्या महिला भजनी मंडळात पेटी वाजवते. मुलगा मालवाहू बोटीवर इंजिन विभागात आहे. जाताना खोकंभर सीडी आणि त्याची म्युझिक सिस्टिम घरी ठेवून गेला. ‘आई, कंटाळा आला तर ऐक,’ म्हणाला. सगळं हेवी मेटल. दुपारी घरात कोणी नसताना तीन सीडी लावून पाहिल्या. एकीवर डोळ्यांना पट्टी बांधलेली, दोरांनी जखडलेली न्यायदेवता आहे. ती ऐकताना सगळे डब्यात बसून वाजवतायत असं वाटलं. दुसरीच्या पांढऱ्या कव्हरवर शवपेटीच्या आकाराचा खड्डा आहे. तिने दहा मिनिटांत डोकं दुखायला लागलं. तिसरीवर इजिप्तचं देऊळ. ती मात्र आवडली, त्यातही शेवटचं लांबलचक गाणं. का आवडलं ते सांगता येत नाही. शेजारीण म्हणते ही सैतानाची गाणी, यांनी पोरं बिघडतात. यजमान म्हणतात खोकं माळ्यावर टाकून दे. यात खरंच संगीत आहे का? असेल तर बरं कुठलं, वाईट कुठलं हे ओळखायचं कसं? मुलगा चवथीला यायचा आहे. त्याच्याशी यावर चार शब्द बोलता आले तर बरं वाटेल.

उत्तर :

ताई, संगीत आहे, आणि तुमच्या कानाला ते कळलंही आहे. तिन्ही सीडींबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते तंतोतंत बरोबर आहे. मेटल वर्षानुवर्षं ऐकणारे लोक याच तीन अल्बमबद्दल हेच बोलतात. म्हणून आधी तुमच्या त्या तीन दुपारींबद्दल सांगतो, मग खोक्यातल्या बाकीच्या सीडींकडे वळू.

न्यायदेवतेचा अल्बम म्हणजे मेटॅलिकाचा ‘अँड जस्टिस फॉर ऑल’, १९८८ सालचा. डब्यात वाजवल्यासारखं वाटलं कारण त्यात बास गिटार, म्हणजे खालचे जड सूर वाजवणारी गिटार, जवळजवळ ऐकूच येत नाही. या बँडचा आधीचा बासवादक क्लिफ बर्टन १९८६ साली स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला. त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला. त्याने सगळं वाजवलं, रेकॉर्डही झालं, पण मिक्सिंगमध्ये, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र जुळवताना, त्याचा आवाज खाली ओढला गेला. ड्रमर लार्स उलरिखच्या सांगण्यावरून तसं केलं, असं मिक्सिंग करणाऱ्याने पुढे सांगितलं आहे. शिवाय बासचे बरेचसे सूर गिटारच्या मागोमागच जातात, त्यामुळे जे थोडं उरलं तेही गिटारखाली झाकलं गेलं. मोठ्या ढोलाचा, म्हणजे किक ड्रमचा, आवाजही टकटक असा कोरडा ठेवलाय. खालचा सूरच नाही म्हटल्यावर वरचं सगळं अधांतरी वाटणारच. गेली कित्येक वर्षं चाहते स्वतःच बास वाढवून हा अल्बम पुन्हा तयार करतात नि एकमेकांना ऐकवतात.

तरीही ही सीडी बाजूला टाकू नका. रचना म्हणून हा अल्बम फार मोठा आहे असं माझं ठाम मत आहे. चौथं गाणं एकट्याने ऐका. युद्धात हातपाय, डोळे, वाचा सगळं गमावून बसलेला एक सैनिक त्यात बोलतो. सुरुवातीला गिटार अगदी मोकळी, स्वच्छ वाजते. गाणं पुढे सरकतं तसा ताण वाढत जातो, आणि शेवटी गिटार आणि ढोल एकाच ठोक्यावर गोळीबारासारखे पडायला लागतात. तिथे तो कोरडा, बिनबुडाचा आवाज त्या माणसाच्या अवस्थेला शोभतो. बाकी गाण्यांत तो खटकतो. अल्बमची रचना आणि अल्बमचा आवाज, दोन्हींचे गुण वेगळे मोजायचे, हे या एका सीडीवरून नीट कळतं.

डोकं दुखवणारी दुसरी सीडी त्याच बँडची, ‘डेथ मॅग्नेटिक’, २००८ची. त्या दुखण्याचं कारण तांत्रिक आहे. भजनात तुम्ही पेटी हलकी करता, झांज थांबते, एकच आवाज उरतो, आणि मग सगळे मिळून उचलतात. हळू आणि मोठा यांतलं हे अंतर रेकॉर्डिंगमध्येही असतं. १९९०नंतर मात्र कंपन्यांची चढाओढ सुरू झाली. आपली सीडी दुसऱ्याच्या सीडीपेक्षा मोठ्याने वाजली पाहिजे. सीडीवर आवाजाची वरची मर्यादा ठरलेली, तिच्या पलीकडे जाता येत नाही. मग काय करायचं? हळू भाग वर ओढायचे, मोठ्या भागांचे माथे छाटायचे. सगळं एकाच पातळीवर येतं. कानाला विसावा मिळत नाही, आणि छाटलेल्या माथ्यांमुळे वर सतत एक खरखर राहते. ‘डेथ मॅग्नेटिक’मध्ये हे इतकं झालं की हजारो चाहत्यांनी तो पुन्हा मिक्स करा अशी मागणी केली. तीच गाणी एका व्हिडिओ गेममध्ये कमी दाबलेल्या रूपात आली होती, त्यामुळे फरक सगळ्यांना ऐकू आला. अल्बमचं शेवटचं काम करणाऱ्या इंजिनियरनेही सांगितलं की आपल्या हाती आलं तेव्हाच ते पूर्ण दाबलेलं होतं. गाणी वाईट नाहीत. त्यांचा श्वास कोंडलाय. तुमचं डोकं दुखलं ते त्यामुळे. वयाचा काही संबंध नाही.

आता इजिप्तचं देऊळ. आयर्न मेडनचा ‘पॉवरस्लेव्ह’, १९८४. बहामा बेटांवरच्या नॅसॉमध्ये रेकॉर्ड झालेला, निर्माता मार्टिन बर्च. तुम्हाला आवडलेलं शेवटचं गाणं पावणेचौदा मिनिटांचं आहे, आणि ते एका खलाशाबद्दल आहे. कोलरिज या इंग्रज कवीची दर्यावर्दी म्हाताऱ्याची दीर्घ कविता आहे, तिच्यावर बँडच्या बासवादकाने, स्टीव्ह हॅरिसने, हे गाणं बांधलं. खलाशी विनाकारण एका समुद्रपक्ष्याला मारतो, जहाज शापात सापडतं, वारा पडतो, चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही. सोबतचे सगळे मरतात, हा एकटा उरतो, आणि पुढे आयुष्यभर भेटेल त्याला ही गोष्ट सांगत फिरतो. गाण्याच्या मध्यावर सगळं थांबतं ना? एकटा बास हळू चालत राहतो, जहाजाचं लाकूड करकरतं, कोणीतरी कवितेच्या ओळी म्हणतं. शब्द कळले नसतील, तरी हा समुद्राचा मामला आहे हे तुम्हाला जाणवलं असणार. बोटीवरच्या मुलाच्या आईला नेमकं हेच गाणं धरून बसलं, याचं मला जराही नवल वाटत नाही.

ते कानाला इतकं सोपं का जातं, तेही ऐका. प्रत्येक वाद्याला त्यात जागा आहे. दोन गिटारी एकच चाल दोन सुरांच्या अंतराने जोडीने वाजवतात. बास बोटांनी छेडलेला, घोड्याच्या टापांसारखा मधोमध पळतो. ढोलाचा ठोका पडून विरतो तेवढ्यात गायकाला वाट मिळते. मेटलच्या आवाजाची माझी पहिली कसोटी हीच : सगळे पूर्ण ताकदीने वाजवत असताना एकावर लक्ष ठेवून शेवटपर्यंत त्याच्या मागे जाता येतं का? पाच जणांच्या भजनात झांजेच्या कल्लोळातून पखवाजाचा बोल निवडून ऐकायची तुम्हाला सवय आहे. तोच कान इथे लावा.

आता पेटी उघडा. या संगीताचा सांगाडा तिच्यावर पाच मिनिटांत कळेल. सा, ग आणि प एकत्र दाबा. मग ग सोडून नुसता सा आणि प दाबा. मेटलच्या गिटारीचा बहुतेक सगळा संसार या दुसऱ्या जोडीवर चालतो. कारण असं : विजेच्या गिटारचा आवाज अँप्लिफायरमध्ये इतका वाढवतात की त्याच्या लहरीचे माथे मुद्दाम कापले जातात. (सीडीचा आवाज दाबून मोठा करताना हेच होतं, पण तिथे ते सगळ्या वाद्यांवर एकदम होतं आणि घात करतं. इथे एका वाद्यावर जाणूनबुजून केलेलं असतं.) त्यातून मूळ सुरासोबत ढीगभर उपस्वर तयार होतात. सा-ग-प असं तिन्ही त्यात घातलं तर उपस्वर एकमेकांत अडकून चिखल होतो. सा आणि प यांचं नातं साधं, म्हणून ती जोडी तेवढ्या गर्जनेतही शाबूत राहते. तुमच्या तानपुऱ्यातही हीच जोडी असते, त्यामुळे हा आवाज तुम्हाला परका वाटायचं कारण नाही.

दुसरा प्रयोग. खालचा सा लांब धरा. मग एक सप्तक वरचा सा. मग दोघांच्या मधला तीव्र म, आणि त्याच्यावर थांबा. सावकाश, जड हाताने. ब्लॅक सॅबथच्या पहिल्या अल्बमची सुरुवात ही अशी आहे, पाऊस आणि घंटेच्या आवाजानंतर. फेब्रुवारी १९७० मध्ये तो आला आणि बहुतेक लोक हेवी मेटलचा जन्म तिथून मोजतात. लंडनच्या एका स्टुडिओत जवळपास सगळा एका दिवसात रेकॉर्ड झाला, एकत्र उभं राहून वाजवल्यासारखा. म्हणून त्यात खोलीची हवा ऐकू येते. तीन सुरांत एवढी भीती साठवता येते हे मला आजही थक्क करतं.

त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १७ वर्षांचा असताना मशिनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. डावखुरा असल्याने सूर दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं लावलं, हलक्या तारा वापरल्या. १९७१च्या तिसऱ्या अल्बमपर्यंत तारा तीन स्वर खाली उतरवल्या होत्या, म्हणजे सुरांच्या बारा पट्ट्यांतल्या तीन. ताण कमी झाला, बोटांना बरं पडलं, आणि आवाज कधी नव्हे इतका जड झाला. आज जगभरची मेटल बँड्स तारा खाली उतरवून वाजवतात, त्याची सुरुवात बरीचशी या जखमी हातापासून झाली. कारखान्यात काम करणाऱ्यांच्या गावातून हे संगीत आलं, हे इंजिनरूममध्ये ड्यूटी करणाऱ्या तुमच्या मुलाला वेगळं सांगावं लागणार नाही.

जड आणि जोरात यांत गल्लत होऊ देऊ नका. सॅबथ संथ आहे आणि अतिशय जड आहे. उलट स्लेयरचा ‘रेन इन ब्लड’, १९८६, दहा गाणी अवघ्या २९ मिनिटांत संपवतो. निर्माता रिक रुबिनने त्यावर घुमारा जवळजवळ ठेवलाच नाही, कारण इतक्या वेगात घुमारा असता तर एक ठोका दुसऱ्यात मिसळला असता. आवाज गाण्याच्या गरजेतून ठरवला म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. गाण्यांचे विषय मात्र भयंकर आहेत. ते तुम्हाला नकोसे झाले तर तसं मुलाला स्पष्ट सांगा. आवाजाची तारीफ आणि शब्दांचा तिटकारा, दोन्ही खरे असू शकतात.

खोक्यात जुदास प्रीस्टचा ‘ब्रिटिश स्टील’ (१९८०) असेल तर तो लवकर काढा. कव्हरवर बोटांत धरलेलं दाढीचं पातं आहे. गाणी छोटी, चाली स्वच्छ, एकदा ऐकून लक्षात राहणाऱ्या. त्यात लोखंडी पावलं टाकत चालल्यासारखा एक आवाज येतो. तो त्यांनी काटे-चमच्यांचा ट्रे हलवून काढलाय. दुसऱ्या एका गाण्यातली काच फुटते ती खऱ्या दुधाच्या बाटल्यांची. अशा जागा शोधत ऐका.

आवाज मुद्दाम कच्चा ठेवलेलेही अल्बम असतात. नॉर्वेच्या डार्कथ्रोनने १९९४चा अल्बम साध्या चार ट्रॅकच्या यंत्रावर रेकॉर्ड केला. वारा घोंघावल्यासारखा, पातळ, थंडगार. त्याला वाईट रेकॉर्डिंग म्हणू नये, त्यांना तेच हवं होतं. पण पहिल्या महिन्यात तो लावू नका. त्याची गोडी बाकीचं पुष्कळ ऐकल्यावर लागते.

लयीचं तुम्हाला वेड असणार, भजनात वाजवणाऱ्याला असतंच. स्वीडनच्या मेशुगाचा ‘ओब्झेन’ (२००८) खोक्यात आहे का बघा. ढोलवाला झांजेवर साधे चार मोजत राहतो. त्याच वेळी त्याचे पाय आणि गिटारी वेगळ्याच लांबीचं, आडं आवर्तन धरतात. दोन्ही एकमेकांपासून सरकत सरकत दूर जातात, आता हे कुठे भेटणार असं वाटतं, आणि मग धाडकन सम. गिटारीकडे दुर्लक्ष करा, बोटांवर झांजेचे चार मोजत राहा. खाप्रुमामा पर्वतकरांच्या लयकारीच्या गोष्टी ऐकत मोठे झालेल्या गोव्यातल्या माणसाला हे संगीत रानटी वाटेल असं मला वाटत नाही. अवघड वाटेल, आणि ते आहेच.

घुमटावर हात बसलेला एखादा भाचा-पुतण्या घरात असेल तर त्याला सेपुल्तुराचा ‘रूट्स’ (१९९६) ऐकवा. ब्राझीलची बँड. तिथल्या शावांते आदिवासींकडे जाऊन, त्यांच्यासोबत त्यांनी काही भाग रेकॉर्ड केला. कार्लिन्होस ब्राऊन या ब्राझीलच्या तालवादकाची वाद्यंही त्यात आहेत. कातड्याच्या वाद्यांचा थर जड गिटारीखाली इतका पक्का बसलाय की कुठे शिवण दिसत नाही. एका गाण्यात पोर्तुगीज शब्द येतील. घरातल्या वडीलधाऱ्यांना ओळखीचे वाटतील.

आपल्याकडचंही एक सांगतो. मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शनने २०१७ साली ‘दशावतार’ नावाचा अल्बम काढला, प्रत्येक अवतारावर एक गाणं, मत्स्यापासून कल्कीपर्यंत. गायकाचा आवाज गुरगुरणारा आहे. पहिल्यांदा दचकायला होईल. त्या गुरगुरण्यात चाल शोधू नका, त्यात चाल नसतेच. त्याला तालवाद्य समजा. नरसिंहासाठी हा आवाज योग्य की नाही ते तुम्हीच ठरवा. रात्रभर दशावतारी काला बघितलेल्या माणसाचं मत मला मोलाचं वाटेल.

आता शेजारणीचा मुद्दा. ब्लॅक सॅबथ हे नाव एका भयपटावरून घेतलेलं आहे. लोक पैसे देऊन घाबरायला जातात, मग संगीतातही भीती का नको, असा तो विचार होता. या बँडचं पुढचं गाजलेलं गाणं गरिबांना युद्धात ढकलणाऱ्या सत्ताधाऱ्यांवर आहे. मेटॅलिकाच्या १९८६च्या अल्बमचं शीर्षकगीत नशेच्या पदार्थांवर आहे, आणि ते नशेच्या विरोधात आहे. गोव्यात दिवाळीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर पोरं सुळे काढलेला, डोळे वटारलेला नरकासुर उभा करतात. त्यांच्यातलं कोणी असुराची भक्ती करतं असं तुमची शेजारीण म्हणत नाही. कव्हरवरची भुतं बहुतेक याच जातीची. मात्र एक गोष्ट लपवणार नाही : नॉर्वेमध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला या संगीतातल्या काही तरुणांनी चर्च जाळली, खूनही केले. ते गुन्हे होते, त्यांना शिक्षा झाल्या. त्यावरून तुमच्या मुलाला मोजणं अन्यायाचं आहे. घर सोडताना ज्याने आपला सगळ्यात जिवाभावाचा ठेवा आईच्या हाती दिला, त्याच्याबद्दल मला तरी काळजी वाटत नाही.

ऐकताना सिस्टिमच लावा, मोबाइलच्या स्पीकरवर नको. त्या एवढ्याशा स्पीकरला खालचे सूर वाजवताच येत नाहीत, आणि खालचे सूर गेले की मेटलमध्ये नुसती करवत उरते. सिस्टिमवर मेगा बास किंवा लाउडनेसचं बटण असेल तर बंद करा, बास-ट्रेबल मध्यावर ठेवा. दोन स्पीकरमध्ये पाच-सहा फुटांचं अंतर, आणि तुम्ही समोर मधोमध. दोन गिटारी दोन बाजूंना वेगळ्या झालेल्या ऐकू येतील. व्हॉल्यूम इतकाच की शेजारच्या खोलीतून कोणी हाक मारली तर कळावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबलला मात्र फक्त चार तास. दिवसाला एक अल्बम पुष्कळ झाला. सीडीच्या आतली पुस्तिका हातात धरून ऐका, शब्द त्यात छापलेले असतात.

मुलाशी बोलताना सगळंच आवडल्याचा आव आणू नका. ‘पॉवरस्लेव्ह आवडला, जस्टिसमध्ये बास कुठे गेला रे, आणि ती पांढरी सीडी मला सोसवत नाही’ असं सरळ म्हणा. बासचा प्रश्न ऐकून तो आधी चकित होईल, मग तासभर बोलत सुटेल. आणखी एक विचारा : सीडी मूळ छापाच्या की रिमास्टर केलेल्या, म्हणजे जुन्या रेकॉर्डिंगचा आवाज नव्याने बसवून काढलेल्या? जुने अल्बम पुन्हा काढताना पुष्कळदा दाबून मोठे केले जातात, आणि मेगाडेथच्या १९९०च्या ‘रस्ट इन पीस’चं तर २००४ साली नव्याने मिक्सिंग करताना काही ठिकाणी गायन पुन्हा रेकॉर्ड करून घातलंय. दोन्ही छाप घरात असतील तर दोघांनी शेजारी बसून एकच गाणं दोन्हींवर ऐका, मोठा वाजतो त्याचा आवाज थोडा कमी करून. बरोबरीच्या आवाजात कुठला बरा वाटतो यावर वाद घाला. चवथीच्या दिवसांत तुमच्या आरत्या त्याने ऐकायच्या आणि त्याचा एक अल्बम तुम्ही पूर्ण ऐकायचा, असा सौदाही करता येईल.

यजमानांना सांगा, माळा नको. आपल्या पावसाळ्यात माळ्यावर ओल धरते, पुस्तिकांची पानं एकमेकांना चिकटतात, कागदावर बुरशी येते आणि ते नुकसान भरून येत नाही. सीडी कपाटात उभ्या लावा, भिंतीपासून थोड्या दूर, सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा नि त्या अधूनमधून बदला. पुसायची वेळ आली तर मऊ कोरड्या फडक्याने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नको. पुढच्या पत्रात ‘दशावतारा’तल्या नरसिंहाबद्दल नक्की लिहा.